पोट लहान झालं, रिपोर्ट लांबला: वजनाच्या ऑपरेशननंतरच्या आकड्यांची पार्श्वभूमी

धुळ्यातल्या एका लॅबचं काउंटर. मावशी चार पानी रिपोर्ट उलगडतात, ठळक छापलेल्या आकड्यावर बोट ठेवतात आणि विचारतात, "भाऊ, हाई काय शे?" आकड्याशेजारी 'एल' (म्हणजे कमी), पुढच्या पानावर 'एच' (म्हणजे जास्त). वजन कमी करायचं ऑपरेशन मुंबईला झालेलं. काउंटरवरचा पोरगा त्याच्या परीने बरोबरच सांगतो, "डॉक्टरांना दाखवा." डॉक्टर कसारा घाटाच्या पलीकडे.

अशा ऑपरेशननंतर करायच्या तपासण्यांची ही यादी कुणी एका बैठकीत बसून ठरवलेली नाही. तिच्यातली बरीचशी नावं आधीच्या पेशंटांनी भोगून तिथे आणली आहेत.

वजनासाठी आतड्याला वळसा घालायची कल्पना १९५४ साली अमेरिकेत मिनेसोटाच्या क्रेमेन, लिनर या सर्जनांनी मांडली. पुढे १९६०च्या दशकात पेन आणि डीविंड यांनी तिला जे रूप दिलं त्यात सुमारे वीस फूट लहान आतड्यातलं सुरुवातीचं १४ इंच आणि शेवटचं ४ इंच एवढंच अन्नाच्या वाटेवर राहायचं. वजन उतरलं, पण मागोमाग जुलाब, घसरलेलं पोटॅशियम, सांधेदुखी, काहींचं यकृतच बसलं. आणि मुतखडे. न पचलेली चरबी कॅल्शियमला धरून ठेवते, मग अन्नातलं, एरवी कॅल्शियमला बांधलेलं राहणारं ऑक्झॅलेट मोकळं सुटतं, मोठ्या आतड्यातून रक्तात शिरतं आणि मूत्रपिंडात जाऊन बसतं. ते ऑपरेशन १९८०च्या सुमारास मागे पडलं, पण खड्यांचा धोका आजच्या बायपासमध्येही (पोट लहान करून आतड्याला वळसा देणारं ऑपरेशन) थोडा उरला आहे. जळगावचा पारा मे महिन्यात ४५च्या पुढे जातो, आणि ऑपरेशन झालेल्या माणसाला तांब्या घटाघटा रिकामा करता येत नाही. दिवसभर घोट घोट पीत राहावं लागतं. रिपोर्टात मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं तर आधी पाणी किती पोटात गेलं ते विचारायला हवं.

आजच्या बायपासचं मूळ अमेरिकेतल्या आयोवाचे सर्जन एडवर्ड मेसन यांच्याकडे जातं. अल्सरसाठी पोटाचा भाग काढलेले पेशंट जाड होत नाहीत, हे त्यांनी पाहिलं होतं आणि १९६६ साली तेच तत्त्व वजनासाठी वापरलं. अल्सरवाल्यांच्या जुन्या तक्रारीही बरोबर आल्या: लोह कमी, बी-१२ कमी, हाडं ठिसूळ.

यातली बी-१२ची कहाणी सगळ्यात मजेशीर. १९२९ साली अमेरिकन डॉक्टर विल्यम कॅसल यांनी निरोगी माणसाच्या पोटात अर्धवट पचलेलं मांस बाहेर काढून रक्तक्षयाच्या रुग्णांना दिलं आणि त्यांचं रक्त सुधारलं. (किळस बाजूला ठेवून वाचा.) नुसत्या मांसाने ते होत नव्हतं; म्हणजे पोटातला रसच काहीतरी काम करत होता. तो रस ज्या भागात बनतो तो स्लीव्हमध्ये (पोट कापून नळीएवढंच ठेवणारं ऑपरेशन) बराचसा कापला जातो, बायपासमध्ये अन्नाच्या वाटेबाहेर राहतो. पण यकृतात बी-१२चा साठा वर्षानुवर्षं पुरेल एवढा असतो. म्हणून पहिल्या सहा महिन्यांचा रिपोर्ट चांगला येतो, माणूस गोळ्या सोडतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तळपायाला मुंग्या येऊ लागतात.

त्यात फॉलिक ॲसिडचा एक चकवा आहे. हे फॉलिक ॲसिडचं प्रकरण मुंबईतलंच. १९२८ साली ब्रिटिश डॉक्टर लुसी विल्स इथे आल्या, गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा रक्तक्षय तपासला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे दाखवलं. पण बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारतं आणि नसा मात्र झिजत राहतात. दुसरा चकवा एमसीव्हीचा, म्हणजे लाल पेशीच्या आकाराचा. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, बी-१२ कमी असेल तर मोठ्या. दोन्ही कमी असलं की सरासरी नॉर्मल येते आणि शेजारी एल नाही की एच नाही!

लोहाचं दुखणं आपल्या ताटाशीही जोडलेलं आहे. कळण्याची भाकरी उत्तम, पण धान्या-कडधान्यातलं फायटेट लोह अडवून धरतं, आणि जेवणावरचा चहा उरलंसुरलं. लोह कमी पडलं की एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, खोटंच वर जाऊ शकतं. "शुगर परत आली" म्हणून घरात रडारड होते. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) आहे, तिथे हाच आकडा उलट दिशेनेही फसवतो, कारण पेशीच लवकर मरतात. अशा घरातल्या माणसाने ते लॅबला आणि डॉक्टरला आधीच सांगावं.

कॅल्शियम नॉर्मल पण पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) वाढलेलं, हा रिपोर्ट पाहून लोक निर्धास्त होतात. तो निर्धास्त होण्यासारखा नाही. आतड्यातून पुरेसं येत नाही म्हणून शरीर हाडांतून कॅल्शियम काढून रक्तातला आकडा सांभाळतं आहे.

एक गोष्ट तर या यादीत बहुतेक वेळा नसतेच. १८८१ साली, ज्या वर्षी व्हिएन्नात बिलरोथ यांनी पोटाचा भाग कापून पेशंट जगवला, त्याच वर्षी जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी मेंदूच्या एका आजाराचे तीन रुग्ण नोंदवले. दोघे दारुडे, तिसरी शिवणकाम करणारी तरुण मुलगी. तिने ॲसिड प्यायलं होतं, पोटाची वाट आवळली होती आणि उलट्या थांबत नव्हत्या. आज आपण जाणतो की ते थायमिन, म्हणजे बी-१ कमी पडल्याचं काम. त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच. ऑपरेशननंतर उलट्या लागल्या, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसू लागलं, चाल लटपटली, तर रिपोर्टची वाट बघायची नसते. आणि गावाकडे सलाइन लावतात तेव्हा ऑपरेशन झालंय हे ओरडून सांगायला हवं, कारण थायमिनशिवाय नुसतं ग्लुकोज चढवलं तर हाच आजार उफाळतो.

खोटे एल-एचही असतात. चौथ्या महिन्यात केस गळतात, मेडिकलवाला बायोटिनच्या गोळ्या देतो. जास्त डोसच्या बायोटिनने थायरॉइडच्या तपासण्या गंडतात, पीटीएचही काही मशीनवर कमी दिसतं. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१७ साली तसा इशाराच दिला होता.

मावशींच्या रिपोर्टातला पहिला एल बी-१२चाच होता. पुण्यात डॉ. याज्ञिक यांच्या गटाने ऑपरेशन वगैरे काही न झालेले मध्यमवयीन पुरुष तपासले होते, त्यातल्या सुमारे दोन तृतीयांशांचं बी-१२ कमी निघालं होतं. पिशवीतून मावशींनी ऑपरेशनच्या आधीची फाइल काढली. पिवळा पडलेला कागद, तीच ओळ, आणि शेजारी तेव्हाही एल.