शुभ बोल रे नाऱ्या!

घरात कोणी ‘मी गेल्यावर’ एवढं म्हणायचा अवकाश, ‘शुभ बोला, वास्तू तथास्तु म्हणते’ असं दटावलं जातं. वास्तू खरंच तथास्तु म्हणत असती तर लॉटरीवाले कधीच देशोधडीला लागले असते! पण हीच धास्ती दवाखान्यातही येते आणि व्हेंटिलेटर लावायचा का, हे पेशंट शुद्धीवर असेपर्यंत त्याला कोणी विचारत नाही.

विचारलं तर काय होतं? मेलबर्नमधल्या एका चाचणीत (2010) ऐंशी किंवा त्याहून जास्त वयाचे 309 पेशंट होते. त्यांतल्या निम्म्यांशी हे बोलणं शिकून आलेल्या नर्स आणि इतर कर्मचारी सविस्तर बोलले. सहा महिन्यांत 56 जण वारले. बोलणं झालेल्या 29 पैकी 25 जणांची इच्छा माहीत होती आणि ती पाळली गेली. बाकीच्या 27 मध्ये फक्त 8 जणांची. मागे राहिलेल्या नातेवाइकांमध्ये नैराश्यही कमी आढळलं.

असं बोलणं शिकवणाऱ्या प्रशिक्षणातला माझा आवडता भाग म्हणजे नाटक. एक जण आजोबा होतो. ‘सिस्टर, मी यातून उठेन ना हो?’ नर्स सवयीनं म्हणते, ‘काही होत नाही आजोबा, गोळी घ्या बघू.’ शिक्षक थांबवतात. आजोबा आता पुन्हा विचारणार नाहीत. दुसऱ्या खेपेला ती म्हणते, ‘तुम्हाला काय वाटतंय?’ आणि गप्प बसते. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड. काळजी मेंदूची कार्यकारी स्मृती, म्हणजे हातातली माहिती क्षणभर धरून ठेवणारी जागा, अडवून बसते. त्या वेळी सांगितलेले आकडे डोक्यात शिरत नाहीत. म्हणून आधी ‘भीती वाटतेय का?’, माहिती त्यानंतर, तीही थोडीथोडी. मग कुठे आजोबा म्हणतात, ‘घशात नळी नको. पण नातीच्या लग्नापर्यंत डायलिसिस चालेल.’ कुठल्या फॉर्ममध्ये असतो हो असा रकाना?

अर्थात ही जादूची कांडी नाही. अमेरिकेतल्या पाच रुग्णालयांत खास शिकवलेल्या नर्स पेशंटशी बोलल्या, डॉक्टरांपर्यंत निरोपही पोचवले. तरी 1995 साली आलेल्या निष्कर्षांत ना वेदना कमी झाल्या होत्या, ना आयसीयूतले दिवस. माझ्या मते, निरोप ऐकणाऱ्यालाही शिकवावं लागतं.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये लिव्हिंग विलला, म्हणजे शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली आणि 2023 मध्ये ते सोपं केलं: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. कागदाची सोय झाली. पण मी पाहिलेल्या वॉर्डांत सिस्टरला खाटेजवळ टेकायला साधं स्टूलही नसतं.