धरण नाही, मग बघायचं काय? : एल्व्हा सहलीची माहिती

सिएटलहून आमच्याबरोबर एल्व्हा नदीवर येणाऱ्यांत भारतातून आलेले आई-बाबा बरेच असतात. त्यांचा प्रश्न ठरलेला: "चांगलं उभं धरण पाडलं कशाला?" धरण भरलं की साडी-चोळी वाहून जलपूजन करणाऱ्या मुलखातल्या माणसाला हे खटकणारच. म्हणून निघण्यापूर्वी एवढं वाचून या.

ऑलिंपिक पर्वतातून समुद्राकडे उतरणाऱ्या या नदीवर दोन धरणं होती. खालचं १९१३ साली पूर्ण झालं. वरचं, ग्लाइन्स कॅन्यन, १९२७ साली, ६४ मीटर उंच. दोन्ही विजेसाठी. माशांना वर चढायला शिडी मात्र कुठेच ठेवली नाही. समुद्रातून येणारे सामन आणि स्टीलहेड ट्राउट हे मासे मुखापासून जेमतेम ८ किलोमीटरवर भिंतीपाशी अडायचे.

ट्राउटला थंड पाणी लागतं, अंडी घालायला तळाशी सुटे गोटे लागतात. इथे दोन्हींची वाट लागली. जलाशयात साठलेलं पाणी उन्हाने तापायचं आणि तेच खाली जायचं. गोटे-वाळू भिंतीमागेच राहायची.

धरणं हटवण्यासाठी लोअर एल्व्हा क्लॅलम या इथल्या मूळ रहिवाशांच्या जमातीने अनेक वर्षं लढा दिला. १९९२ साली कायदा झाला, प्रत्यक्ष काम सप्टेंबर २०११ ते ऑगस्ट २०१४. भिंत एका दणक्यात उडवली नाही. मागे सुमारे दोन कोटी घनमीटर गाळ होता, तो एकदम सुटला असता तर नदीचं काही खरं नव्हतं. थोडी भिंत उतरवायची, पाण्याला गाळ वाहू द्यायचा, मासे चढायच्या दिवसांत थांबायचं, असं ते चाललं. त्यातला बराच गाळ मुखाशी गेला. तिथे आता वाळूचा किनारा आहे. दुपारचा डबा आपण तिथेच खातो.

आम्हाला स्वतःला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच. रेनबो ट्राउट आणि स्टीलहेड ही जात एकच. नदीतच राहतो तो रेनबो, समुद्रात जाऊन परततो तो स्टीलहेड. धरणांच्या वर पिढ्यान्‌पिढ्या कोंडलेल्या रेनबोंचा वंश वाट मोकळी होताच पुन्हा समुद्राकडे निघाला, आणि जवळजवळ नाहीसे झालेले, उन्हाळ्यात नदीत परतणारे स्टीलहेड वरच्या पात्रात परत दिसू लागले. शंभर वर्षांत ती ओढ गेली नव्हती!

ग्लाइन्स कॅन्यनच्या सांडव्याचा भाग मुद्दाम राखलाय. कठड्याशी उभं राहिलं की भिंत होती ती अरुंद घळ थेट पायाखाली दिसते. जलाशयाच्या जुन्या तळावर तोडलेल्या झाडांचे मोठमोठे बुंधे आहेत. त्यांच्या बाजूला खाचा दिसतील. लाकूडतोडे त्यांत फळ्या अडकवून वर उभे राहायचे.

रस्ता पुराने वाहून गेल्याने गाडी मॅडिसन धबधब्यापाशी थांबते. पुढे जाऊन-येऊन साधारण १३ किलोमीटर चाल आहे. गुडघे कुरकुरत असतील तर आधी सांगा, तुम्हाला मुखाजवळच नेऊ. मासे दिसतीलच असं वचन आम्ही देत नाही. गळ आणू नका. चपला नकोत, बूट घाला. रेनकोट ऑगस्टमध्येही बरोबर असू द्या.