पुढून हवा आत, मागून बाहेर: कॅबिनेटच्या फॅनचं हे ठरलं कसं

पुढं दोन-तीन फॅन हवा आत ओढणारे आणि मागं एक बाहेर फेकणारा, हे आता इतकं ठरून गेलंय की कोल्हापुरात राजारामपुरीत कुठंही पीसी जोडून घ्या, न विचारता असंच लावून मिळतं. पण हे पहिल्यापासून असं नव्हतं, मधे एकदा तर बरोबर उलटा कारभार अधिकृत म्हणून चालला होता, आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह प्रेशरवरनं (कॅबिनेटच्या आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असावा की कमी) आज जी भांडणं होतात त्यांचं मूळ तिथंच आहे.

१९८१ च्या आयबीएमच्या पहिल्या पीसीत एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा एकच फॅन, तो हवा बाहेर टाकायचा, प्रोसेसरवर साधा हीटसिंकपण (उष्णता शोषून घेणारा धातूचा ठोकळा) नव्हता. ४८६ च्या जमान्यात हीटसिंक आले, पेंटियमपासून त्यावर फॅन. तोवरचं एवढंच.

खरी गंमत १९९५ ची. कॅबिनेट, मदरबोर्ड आणि एसएमपीएसच्या मांडणीचं एटीएक्स स्टँडर्ड आलं आणि त्यात एसएमपीएसचा फॅन उलटा केला, म्हणजे बाहेरची हवा आत ओढून थेट प्रोसेसरवर मारायची, प्रोसेसर मुद्दाम एसएमपीएसच्या शेजारी आणून ठेवला. हिशेब कागदावर चांगला होता: प्रोसेसरचा वेगळा फॅन वाचेल, आणि आत दाब जास्त राहिला की धूळ फटीफटीतनं घुसणार नाही. फक्त ती हवा आधी एसएमपीएसमधनं फिरून गरम होऊन यायची ना! प्रोसेसर तापट होत गेले तसं ते अंगाशी आलं, दोनेक वर्षांत स्टँडर्ड बदललं आणि फॅन परत बाहेर फेकायला लागला. निर्णय मागं घेतला, पण प्रोसेसरची जागा तीच राहिली, वर मागच्या कोपऱ्यात. त्याच्या मागं ८० एमएमचा एक्झॉस्ट, म्हणजे हवा बाहेर टाकणारा फॅन आला, पुढं तो १२० चा झाला, म्हणजे आपला हा 'मागचा फॅन' खरंतर त्या फसलेल्या बेताची उरलेली खूण. माझ्या मते फसली ती हवेची वाट, दाबाची कल्पना बरोबरच होती, पण दोन्ही एकत्र बदनाम झाल्या.

मग पेंटियम ४, आणि २००४ ला त्याच्यातले वरचे मॉडेल ११५ वॅटपर्यंत गेलेले. तेव्हाची कॅबिनेटं आठवत असतील, साइड पॅनलला जाळी आणि आतनं प्लास्टिकचं नरसाळं, प्रोसेसरच्या बरोबर समोर. खोलीत ३५ डिग्री असताना प्रोसेसरच्या तोंडाशी ३८ च्या वर हवा नको, असा त्यामागचा नियम होता. आपल्याकडं एप्रिलात ३५ म्हणजे नेहमीचंच, त्यामुळं नरसाळं उपयोगी होतं, पण त्याला फिल्टर नाही! उद्यमनगरात ग्राइंडिंगची बारीक लोखंडी भुकटी, बावड्याकडं गळीत हंगामात कारखान्याची काजळी, सगळं सरळ हीटसिंकवर. शेवटी उंच टॉवर कूलर (प्रोसेसरवर उभा राहणारा मोठा हीटसिंक आणि फॅन) आले, ते नरसाळ्याला अडायला लागले आणि नरसाळं गेलं. त्याच काळात बीटीएक्स म्हणून सगळी मांडणी एका सरळ रेषेत आणायचा प्रयत्न झाला, हवा पुढून थेट प्रोसेसरवर, पण २००६ ला ६५ वॅटचे प्रोसेसर आले आणि त्याची गरजच संपली.

पुढं एसएमपीएस खाली गेला, स्वतःची हवा खालनं घेऊन मागं टाकायला लागला, म्हणजे कॅबिनेटच्या हवेत त्याचा काही संबंधच राहिला नाही. हार्डडिस्कचे पिंजरे गेले, पुढची वाट मोकळी झाली आणि मग काय, २०१६-१७ च्या आसपास तिथंच काच बसवायची फॅशन आली! आत लय भारी रंगीत दिव्यांचे आरजीबी फॅन आणि त्यांना हवा घ्यायला बोटभर फट. जाळी परत आली ती ग्राफिक कार्डांनी घाम काढल्यावर, आरटीएक्स ३०८० चे ३२० वॅट, ४०९० चे ४५०, आणि या कार्डांची बहुतेक गरम हवा कॅबिनेटमधेच सुटते.

प्रेशरच्या भांडणात लोक फॅन मोजतात, दोन आत एक बाहेर म्हणजे पॉझिटिव्ह. तसं नसतं ओ. पुढच्या फिल्टरवर धूळ साठली की आत येणारी हवा कमी होते आणि तेच तीन फॅन निगेटिव्ह होऊन बसतात. सगळी पॅनलं लावून मागच्या बाजूला कार्डांच्या स्लॉटच्या फटींजवळ उदबत्ती धरा, धूर आत ओढला गेला तर निगेटिव्ह. आपल्या धुळीला पॉझिटिव्हच बरं, फक्त फिल्टर धुवायला पाहिजेत, नुसता ब्लोअर मारून भागत नाही.

सध्याचा वाद वरच्या फॅनचा. वर पुढच्या बाजूला एक्झॉस्ट लावला की पुढनं आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आधीच बाहेर जाते, म्हणून टॉवर कूलर असेल तर ती जागा रिकामी ठेवलेली बरी, वर लावायचाच तर मागच्या बाजूला एक. वर लिक्विड कूलिंगचा रेडिएटर असेल तर मात्र पर्याय नाही, तिथं सगळे फॅन लागतातच, मग पुढनं तेवढी हवा आत येते का ते बघावं लागतं.