'खासगी कंपनी आहे, कोणाला घ्यायचं ही मालकाची मर्जी' : हे अर्धंच खरं

ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईतल्या महापे-रबाळेपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात हे वाक्य सर्रास ऐकू येतं. त्याचं मूळ राज्यघटनेत आहे: कलम १६ मधली समान संधीची हमी सरकारी नोकरीपुरतीच आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही.

भरतीत आणि पगारात बाईमाणसाला डावलायला १९७६ च्या समान वेतन कायद्यानेच बंदी घातली. आता ती २०१९ च्या वेतन संहितेत आहे. अपवाद एकच, जिथे कायद्यानेच स्त्रियांच्या कामावर बंधन आहे. म्हणजे पॅकिंगच्या कामासाठी 'फक्त पुरुष हवेत' अशी जाहिरात अडचणीत येऊ शकते. प्रसूती रजेवर असताना कामावरून काढणं १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यानेच बेकायदा ठरवलं. एचआयव्हीची चाचणी ही नोकरीची अट करता येत नाही (२०१७ चा कायदा). तृतीयपंथी व्यक्तींना भरती-बढतीत डावलता येत नाही (२०१९ चा कायदा). अस्पृश्यतेच्या कारणावरून नोकरी अडवणं तर १९५५ च्या कायद्याने गुन्हाच आहे, त्याची तक्रार थेट पोलिसांत.

धर्म, प्रांत, आडनाव यांवरून खासगी भरतीत होणाऱ्या भेदभावाला मात्र सरसकट लागू होईल असा केंद्रीय कायदा नाही. ही पळवाट खरी आहे, आणि ती बुजवायला हवी.

तक्रारी अनेकदा पुराव्याअभावी कोसळतात, कारण नकार फोनवर मिळतो. त्याच दिवशी ईमेल करून कारण लेखी मागा, जाहिरातीचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. पगारातल्या फरकासाठी वेतनचिठ्ठ्या घेऊन ठाण्याचं कामगार आयुक्तालयाचं कार्यालय गाठा.