प्रेषितपद

प्रेषितपद : (ख्रिस्ती धर्म). येशू ख्रिस्ताने निवडून आपल्या अधिकाराने पाठवलेल्या व्यक्तीचे पद. बारा प्रेषितांची नावे सर्वपरिचित आहेत. वाद आहे तो बारांपलीकडे हे पद कोणाला आणि कशाच्या आधारे द्यावे, याविषयी.

सर्वांत स्पष्ट निकष नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ (पुढे ‘कृत्ये’) या ग्रंथात १:२१-२२ मध्ये आढळतो. येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताची जागा रिकामी झाल्यावर पेत्राने दोन अटी घातल्या : योहानाच्या बाप्तिस्म्यापासून स्वर्गारोहणापर्यंत तो माणूस येशूच्या सोबत्यांत वावरलेला असावा आणि त्याने पुनरुत्थानाची साक्ष द्यावी. योसेफ बर्सबा व मत्थिया ही दोन नावे पुढे आली. प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या, त्यात मत्थियाचे नाव निघाले. ग्रामपंचायतीला समान मते पडल्यावर निघणारी ईश्वरचिठ्ठी पाहिलेल्या विदर्भातील वाचकाला ही रीत परकी वाटू नये. पात्रता दोघांपाशी आधीच होती. चिठ्ठीने फक्त निवड झाली. पुढे बारांपैकी जब्दीचा मुलगा याकोब याचा वध झाला (इ.स. सु. ४४), तेव्हा मात्र त्याची जागा भरल्याचा उल्लेख नाही.

हा निकष अक्षरशः लावला तर बारांपैकीही काही जण अडतात. मत्तय जकातीच्या नाक्यावरून उठून येशूमागे निघाला तो गालीलातील कार्य सुरू झाल्यावर. नव्या करारातील अनेक पत्रांचा लेखक पौल तर येशूच्या हयातीत शिष्यच नव्हता. तरीही कृत्ये १४:४ व १४:१४ येथे त्याला आणि त्याचा सहकारी बर्णबा याला प्रेषित म्हटले आहे. बेझा या नव्या कराराच्या प्राचीन हस्तलिखितात (इ.स. सु. ४००) १४:१४ मधून तो शब्द गळलेला आहे, पण १४:४ मध्ये तो कायम असल्याने नुसत्या पाठभेदाने प्रश्न सुटत नाही. कृत्यांचा कर्ता मानल्या जाणाऱ्या लूकने येथे एखादा जुना आधार जसाच्या तसा घेतला असावा, असे काही अभ्यासक मानतात.

पौलाचा स्वतःचा निकष निराळा आहे. पुनरुत्थित प्रभूला पाहिलेले असणे (१ करिंथ ९:१) आणि त्याच्याकडूनच, माणसांकरवी नव्हे, पाठवणी झालेली असणे (गलती १:१) या त्याच्या दोन बाजू. चिन्हे, अद्भुते व सहनशीलता यांची जोड त्याने २ करिंथ १२:१२ मध्ये दिली. ही पत्रे साधारणतः इ.स. ५० ते ६० या दशकातील, तर कृत्यांचा ग्रंथ बहुतेकांच्या मते ८० नंतरचा. त्यामुळे पौलाची साक्ष जुनी ठरते व अधिक ग्राह्य वाटते. प्रभूचा भाऊ याकोब याला मिळालेले स्थानही (गलती १:१९) तिच्यामुळेच समजते.

रोमकरांस पत्र १६:७ मधील युनियाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. चौथ्या शतकातील योहान ख्रिसोस्तोमने ती स्त्री असल्याचे गृहीत धरून, प्रेषितांत गणली गेली म्हणून तिचा गौरव केला. पुढे कित्येक अभ्यासकांनी हे पुरुषाचे नाव ठरवले. तथापि तसे पुरुषनाम प्राचीन शिलालेखांत सापडत नाही, स्त्रीनाम मात्र विपुल आहे. ती प्रेषितांत नामांकित होती की प्रेषितांना केवळ ठाऊक होती, एवढाच वाद आता उरतो. त्यात पहिला अर्थ सरस आहे. मरीया मग्दालिया तर पाहणे व पाठवले जाणे या दोन्ही अटी पुऱ्या करते (योहान २०:१७-१८). ‘प्रेषितांची प्रेषिता’ हे तिचे बिरुद जुने आहे. २०१६ मध्ये रोमने २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला सणाचा दर्जा दिला.

‘दिदाखे’ या प्राचीन नियमग्रंथात (बहुधा पहिल्या शतकाची अखेर किंवा दुसऱ्याचा आरंभ) फिरत्या प्रेषितांची परीक्षा सांगितली आहे. पाहुण्याने एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहावे. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले तर तोही खोटाच.

विदर्भात कॅथलिक मंडळी (अमरावती धर्मप्रांत, स्थापना १९५५) बिशपांना प्रेषितांचे उत्तराधिकारी मानते, प्रेषित नव्हे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा बिशप असलेल्या व नसलेल्या परंपरा एकत्र आल्या. १८४५ मध्ये नागपुरात आलेले स्टीव्हन हिस्लॉप मिशनरी म्हणूनच ओळखले जातात. खेड्यातल्या मंडळीत पाळक किंवा पास्टर असतो. उपासनेत प्रेषितांचा मतांगीकार (श्रद्धेची संक्षिप्त कबुली) म्हटला जातो, पण हयात माणसाला ते पद लावण्याची रूढी जुन्या मिशन मंडळ्यांत नाही. काही स्वतंत्र पेंटेकोस्टल गट इफिस ४:११ च्या आधारे ते आजही चालू असल्याचे मानतात. त्यांच्या विरोधात इफिस २:२० मधील प्रेषितांचा पाया एकदाच घातला जातो, असे म्हटले जाते. याहून वजनदार आक्षेप १ करिंथ १५:८ चा आहे : प्रभू आपल्याला ‘सर्वांच्या शेवटी’ दिसला, असे पौल तेथे लिहितो.