शेवटचे दोन सुळे काढण्यापूर्वी

खालच्या जबड्यात पुढचे दोन-चार दात तेवढे उरलेले, तेही झिजलेले किंवा हलणारे, अशा अवस्थेत बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातील अनेक वयस्कर माणसे दवाखान्याची पायरी चढतात, ती मनाशी एक गोष्ट ठरवूनच. ‘डॉक्टर, सगळंच काढून टाका की एकदाचं, आणि कवळी बसवा.’ या मागणीमागचा त्रास खरा असतो. मात्र ती जशीच्या तशी मान्य झाली, तर दातांबरोबर आणखीही काही जाते आणि ते परत येत नाही. ते म्हणजे जबड्याचे हाड.

जबड्याच्या हाडाचा जो भाग दातांना धरून ठेवतो, तो दातांबरोबर तयार होतो आणि दातांबरोबरच झिजून जातो. दाताचे मूळ हाडात थेट रोवलेले नसते. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो आणि या तंतूंचे एक टोक मुळात, तर दुसरे हाडात रुतलेले असते. घास चावताना मूळ किंचित खाली दबते, तंतू ताणले जातात आणि तो ताण हाडापर्यंत पोहोचतो. हाड ही सतत मोडत आणि घडत राहणारी जिवंत ऊती आहे. असा ताण मिळत राहतो तोवर ती मोड आणि घडण यांचा मेळ राखते. मूळ उपटले की तंतू जातात, ताण थांबतो आणि मोड घडणीवर मात करू लागते.

ही झीज सुरुवातीला फार वेगाने होते. एकेक दाढ काढलेल्या रुग्णांच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, त्या जागेच्या हाडाची रुंदी वर्षभरात सुमारे निम्म्यावर आली आणि त्यातील दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली, असे आढळले. पुढे वेग मंदावतो, पण झीज थांबत नाही. कवळी वापरणाऱ्या रुग्णांचा २५ वर्षे मागोवा घेऊन संशोधक टालग्रेन यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की, खालच्या जबड्याच्या पुढच्या भागाची उंची वरच्या जबड्याच्या सुमारे चौपट कमी होते. खालच्या कवळीला टेकायला जागा मुळातच कमी आणि तीच जागा सर्वाधिक झिजते, म्हणून ‘वरची कवळी बसते, खालची उठते’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. हाड फारच झिजले, तर हनुवटीकडे जाणारी नस हाडाच्या वरच्या कडेशी येते आणि कवळीच्या दाबाखाली प्रत्येक घासाला ओठात कळ येते.

याच जागी खालचे दोन सुळे मोलाचे ठरतात. क्रम आणि रूनी या संशोधकांनी १९७८ मध्ये पाच वर्षांच्या निरीक्षणांचे निष्कर्ष मांडले. सर्व दात काढून कवळी बसवलेल्या रुग्णांत खालच्या जबड्याच्या पुढच्या हाडाची उंची सरासरी ५.२ मिलिमीटरने घटली होती, तर कवळीखाली सुळ्यांची मुळे राखलेल्यांत ती घट केवळ ०.६ मिलिमीटर होती. सुळ्याचे मूळ तोंडातील सर्वांत लांब असते आणि इतर दात गेल्यावरही तेच बहुधा टिकून असते.

मूळ राखायचे म्हणजे दात होता तसा ठेवायचा, असे नाही. आधी रूट कॅनाल करून आतली नस काढतात आणि पोकळी बंद करतात. मग दाताचा वरचा भाग कापून, हिरडीच्या वर जेमतेम एक-दोन मिलिमीटर उंचीचा गुळगुळीत घुमट ठेवतात. त्याच्या माथ्यावरचे भोक सिमेंटने किंवा धातूच्या छोट्या टोपीने बंद करतात आणि त्यावरून नेहमीसारखी काढता-घालता येणारी कवळी बसते. हलणारा दात या कामाचा नाही, असे रुग्णांना वाटते. पण दाताची उंची कमी झाली की त्याला हलवणारी तरफच आखूड होते आणि थोडासा हलणारा दात पुष्कळदा घट्ट होतो. मुळाभोवती साधारण पाच मिलिमीटर तरी निरोगी हाड मात्र हवे. उभे चिरलेले मूळ काढावेच लागते.

आणखी एक लाभ हाडाइतकाच महत्त्वाचा आहे, पण त्याची चर्चा फार कमी होते. मुळाभोवतीच्या तंतूंमध्ये स्पर्श आणि दाब ओळखणाऱ्या चेता असतात. त्यांच्यामुळे नैसर्गिक दातांना सुमारे २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग, एवढी जाडीही जाणवते. भाकरीत आलेली कच पहिल्याच चावण्यात कळते ती यामुळेच. मुळे राहिली की ही जाणीव बरीचशी शाबूत राहते आणि ज्वारीची कडक भाकरी किंवा गोकाकचा करदंट चावताना जोर किती लावायचा, हे माणसाला उमगते.

या उपचाराचा शत्रू म्हणजे अस्वच्छता. कवळीखाली झाकलेल्या मुळाला लाळेचे संरक्षण नीट मिळत नाही, त्यामुळे तिथे कीड लवकर लागते आणि हिरडी सुजते. रक्तदाबाच्या किंवा इतर औषधांनी तोंड कोरडे पडत असेल, तर धोका वाढतो. रात्री कवळी काढून ठेवणे, घुमटावर मऊ ब्रश फिरवणे, फ्लोराइडची पेस्ट वापरणे आणि दर काही महिन्यांनी तपासणी करणे, हे सारे जन्मभर पाळावे लागते. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात मिशेरी लावणाऱ्या वयस्कर बायका आजही आहेत. मिशेरी दात झिजवते, तर तंबाखूमुळे हिरडी आणि हाड खंगते. मिशेरी न सोडता मुळे राखण्याचा आग्रह धरणे मला योग्य वाटत नाही.

काही रुग्णांत तर दात उपटणेच घातक असते. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिली जाणारी बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे घेणाऱ्यांमध्ये, दात काढल्यावर जखम न भरता जबड्याचे हाड निर्जीव होऊ शकते, ही बाब २००३ पासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहे. तोंडाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्यांनाही तसाच धोका असतो. अशा वेळी मूळ जागेवर ठेवून वरचा भाग कापणे हा अनेकदा अधिक सुरक्षित मार्ग असतो.

सर्व दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर, म्हणजे हाडात रोवलेल्या कृत्रिम मुळांवर, बसणारी कवळी हा पहिला पर्याय मानावा, असे २००२ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सुचवले. तो उत्तम उपाय आहे. पण शस्त्रक्रिया आणि खर्च ऊसपट्ट्यातील छोट्या शेतकऱ्याला सहज पेलणारे नाहीत. मुळे राखल्याने इम्प्लांटची वाट बंदही होत नाही. दहा वर्षांनी मूळ गेले, तरी तोवर टिकलेले हाड इम्प्लांट बसवायला उपयोगी पडते. बेळगावातील दंतवैद्यक महाविद्यालयांत कवळी-कॅपचा स्वतंत्र विभाग आहे. दात काढायची तारीख घेण्यापूर्वी तिथे एक्स-रे दाखवून, ‘खालचे दोन सुळे ठेवता येतील का?’ एवढे विचारता येते. हा प्रश्न दात काढण्याआधी विचारला तरच त्याचा उपयोग आहे.