स्मिता पाटील, खान्देश आणि १९८२चा निर्णय: पार्श्वभूमी

स्मिता पाटील मूळची धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरची, हे खान्देशात कुणाला सांगावं लागत नाही. जन्म पुण्याचा (१७ ऑक्टोबर १९५५), शाळा पुण्याची, पुढचा सगळा मुक्काम मुंबईत. तरी 'हाई ते आपली शिरपूरनी पोर शे' (ही तर आपली शिरपूरची मुलगी आहे) हे अहिराणी वाक्य तापीच्या दोन्ही काठांवर ऐकू येतं. वडील स्वातंत्र्य चळवळीतले, नंतर आमदार आणि मंत्री, आई समाजकार्यात, मुलींवर राष्ट्र सेवा दलाचे संस्कार. एवढं बहुतेकांना पाठ आहे. जयंती-पुण्यतिथी जवळ आली की मात्र एक जुना वाद दरवर्षी नव्याने निघतो. समांतर, म्हणजे धंद्यापेक्षा आशयाला महत्त्व देणाऱ्या चित्रपटाची ही सर्वांत मोठी नायिका १९८२च्या सुमारास धंदेवाईक हिंदी चित्रपटांकडे वळली, तो तिचा निर्णय चुकला का?

मुंबई-पुण्याच्या लिखाणात या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. ती 'तिकडे' गेली, तिने स्वतःला वाया घालवलं, मधली तीन-चार वर्षं फुकट गेली. हे उत्तर कुठे बसून दिलं जातं, याचा विचार फारसा होत नाही. खान्देशातून पाहिलं तर त्या निर्णयाचा अर्थ बदलतो, आणि त्यासाठी आधीची दहा वर्षं थोडक्यात पाहावी लागतात.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि सुरुवातीच्या काळातच स्मिता तिथे मराठी बातम्या वाचू लागली. दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनी तिला हेरलं ते त्या पडद्यावर. तिच्या बातम्यांचे किस्से आजही रंगवून सांगितले जातात. पण त्या काळी दूरदर्शनचं चित्र मुंबई-पुण्यापलीकडे पोहोचत नव्हतं. ज्या सावळ्या चेहऱ्याची आणि ज्या आवाजाची शहरात चर्चा होती, तो चेहरा धुळ्याने, जळगावने तेव्हा पाहिलेलाच नव्हता. शिरपूरच्या भाऊबंदांना वार्ता कळायची ती कुणी मुंबईहून आलं की, नाहीतर वर्तमानपत्रातून.

मग 'चरणदास चोर', 'सामना'मधली छोटी भूमिका, 'निशांत', १९७६चा 'मंथन' आणि १९७७चा 'भूमिका'. 'भूमिका' हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर बेतलेला. त्यातल्या अभिनयासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा ती जेमतेम बाविशीत होती. दूध सहकारी संस्थेची गोष्ट सांगणाऱ्या 'मंथन'च्या निर्मितीसाठी गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले, हे प्रसिद्धच आहे. गुजरात म्हणजे खान्देशाचा शेजार. तापी नदी आणि भुसावळ-सुरत रेल्वे दोन्ही तिकडेच जातात. डेअरीत दूध घालायचं, फॅट कमी लागली म्हणून कुरकुरायचं, संस्थेत कुणाचं चालतं यावरून गावात दोन तट पडायचे, हे सगळं इथल्या माणसाच्या रोजच्या पाहण्यातलं. 'मंथन'मधली स्मिताची बिंदू इथे कुणालाही परकी वाटली नसती. ती इथे पोहोचली असती तर.

हे चित्रपट मोजक्या शहरांतल्या मोजक्या थिएटरांत लागायचे, पुष्कळदा सकाळच्या खेळाला. तालुक्याच्या टॉकीजवाल्याला ते परवडत नव्हते. चित्रपटाच्या रिळांची पेटी भाड्याने आणायची, चार दिवस रिकाम्या खुर्च्या पाहायच्या आणि पाचव्या दिवशी मारधाडीचा चित्रपट लावून नुकसान भरून काढायचं, एवढी ऐपत कुणाची? यात टॉकीजवाल्याचा दोष नव्हता. वितरणाची सगळी घडीच तशी होती.

'जैत रे जैत'चं थोडं वेगळं झालं. १९७७चा हा जब्बार पटेल यांचा चित्रपट, मूळ कादंबरी गो. नी. दांडेकरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं आणि गाणी ना. धों. महानोरांची. महानोरांचं पळसखेडे खान्देशच्या वेशीवरच. त्यामुळे चित्रपट येण्याआधीच रेडिओवरून गाणी घरात शिरली. डोंगर कर्नाळ्याचा, माणसं ठाकर. पण सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा आणि भिल्ल वस्त्यांच्या शेजारी राहणाऱ्याला स्मिताच्या चिंधीचं चालणं, बोलणं, रागावणं अनोळखी नव्हतं. चेहऱ्याला रंग फासून आदिवासी बाई उभी करायची तेव्हा रीत होती. स्मिताने ती मोडली, आणि हे मोडणं आम्हाला इतरांपेक्षा जास्त कळतं असं मला वाटतं. तिच्या आवाजातलं 'आपलं' नेमकं काय होतं हे सांगणं अवघड आहे, पण गाणी ऐकून चित्रपटाची वाट पाहणारी माणसं पुष्कळ होती.

आता वादाकडे. १९८०च्या आसपास तिच्याकडे 'आक्रोश', 'भवनी भवाई', मृणाल सेन यांचा 'अकालेर संधाने', सत्यजित राय यांचा 'सद्गती' आणि 'चक्र' असं काम होतं. 'चक्र' जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा. त्यासाठी दुसरा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. याच 'चक्र'च्या जाहिरातीत झोपडपट्टीतल्या अंघोळीचं दृश्य पुढे केलं गेलं. झोपडपट्टीतल्या बाईला उघड्यावर अंघोळ करावी लागते, हे चित्रपटात तिच्या जगण्याचा भाग म्हणून येतं. भिंतीवरच्या कागदावर ते एकटं उरलं. स्मिताने त्याबद्दलची नाराजी उघड बोलून दाखवली होती. म्हणजे 'चांगल्या' चित्रपटांचा बाजारही तिच्या देहावरच उभा राहत होता. 'तिकडे' आणि 'इकडे' यांतली रेघ वाटते तितकी ठळक नव्हती.

तिने स्वतः मुलाखतींत दिलेलं कारण आणखी सरळ आहे. चार-पाच वर्षं तिने व्यावसायिक चित्रपटांना नकार दिला. पुढे छोट्या चित्रपटांना बरे दिवस आले, पैसा लावणारे भेटू लागले, तेव्हा त्या निर्मात्यांना नाव असलेल्या नट्या हव्या झाल्या आणि एक-दोन चित्रपटांतून तिला गुपचूप वगळण्यात आलं. ज्यांच्यासाठी तिने पैशावर पाणी सोडलं त्यांनीच तिला बाजारभाव दाखवला. मग नावच हवं असेल तर नाव कमावते, असं तिने ठरवलं. यात भाबडेपणा नाही आणि लोभही नाही. सरळ हिशेब आहे. तिला दोष देणाऱ्या लिखाणात हा भाग क्वचित सापडतो. सापडला तरी एका ओळीत उरकलेला असतो.

तो निर्णय पडद्यावर दिसला १९८२मध्ये. एप्रिलअखेरीस 'नमक हलाल', ऑक्टोबरात 'शक्ती'. दोन्हींत नायक अमिताभ बच्चन. 'नमक हलाल'मधल्या पावसातल्या गाण्याने तिला स्वतःला त्रास झाला, चित्रीकरणानंतर ती बेचैन होती, हे तिच्या सहकलाकारानेही सांगितलं आहे. ते गाणं म्हणजे घसरणीचा पुरावा, असं मानणाऱ्यांचं म्हणणं मला पूर्ण उडवून लावता येत नाही. तिला जे अवघड गेलं ते अवघडच होतं.

पण त्याच वर्षाची बाकी यादी पाहा. 'उंबरठा' त्याच वर्षी, 'बाजार' त्याच वर्षी आणि वर्ष संपता संपता 'अर्थ'. 'उंबरठा'तली सुलभा महाजन घर, नवरा, लहान मुलगी मागे ठेवून स्त्रियांच्या सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते. तिथल्या बायकांची दुरवस्था आणि वरच्या मंडळींची झाकपाक पाहते, राजीनामा देऊन परत येते, तर घरात तिची जागा उरलेली नसते. मग ती पुन्हा निघते. मध्यमवर्गीय मराठी घराला तोवर कुठल्या नायिकेने असं विचारलं नव्हतं. ज्या वर्षी ती 'वाया गेली' म्हणतात, त्याच वर्षी मराठीतली तिची सर्वांत मोठी भूमिका पडद्यावर आली. पुढच्या वर्षी 'अर्धसत्य' आणि 'मंडी', १९८४मध्ये कुमार शहानींचा 'तरंग', १९८५मध्ये अरविंदन यांचा मल्याळम 'चिदंबरम'. सोडून गेलेली बाई इतक्यांदा परत येत नाही.

आणि खान्देशात काय झालं? 'नमक हलाल' तालुक्याच्या टॉकीजला आला. यात्रेतल्या तंबूंतही असेच चित्रपट चालायचे. इथल्या मोठ्या संख्येच्या प्रेक्षकाने स्मिता पाटीलला मोठ्या पडद्यावर पहिल्यांदा पाहिलं ते अमिताभच्या शेजारी. दहा वर्षं ती ज्यांची 'पोर' म्हणून ओळखली जात होती, त्यांच्यापर्यंत ती या वाटेने आली. शहरातल्या रसिकाला जिथे ती दुरावल्यासारखी वाटली, तिथेच आमच्याकडच्या प्रेक्षकाला ती सापडली. समांतर चित्रपट शेतमजूर, दलित, आदिवासी बाईविषयी होते. ज्यांच्याविषयी होते त्यांना तिकीट काढून ते पाहायची सोय मात्र जवळपास नव्हती. ही त्या चळवळीची दुखरी बाजू आहे, आणि तिचं ओझं एकट्या स्मितावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

एक मात्र कबूल करायला हवं. १९८३ ते १९८६ या काळात तिने केलेले सगळेच हिंदी चित्रपट तिच्या तोलाचे नव्हते. सोसणारी बायको, रडणारी बहीण, दुसरी बाई, अशा साच्यातल्या भूमिका बऱ्याच होत्या. 'आज की आवाज', 'आखिर क्यों' यांसारख्या चित्रपटांत तिला निदान उभं राहायला जागा मिळाली. इतरांत तीही नाही. १९८५मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा तिच्या नावावर दोन्ही प्रकारचं काम भरपूर होतं. मुंबईतल्या एका महिला केंद्राशीही ती जोडलेली होती. हे तिने कधी मिरवलं नाही, म्हणून ते लिहिण्यातूनही सुटतं.

याच काळात दूरदर्शनचं जाळं जिल्ह्याजिल्ह्यांत पसरलं. रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले पुरस्कारप्राप्त चित्रपट दाखवले जात. व्हिडिओ पार्लरही निघाली. 'नमक हलाल'मधली नटी हीच 'जैत रे जैत'मधली, हा साक्षात्कार पुष्कळांना उलट्या क्रमाने झाला: आधी बाजारातली स्मिता, मग जुनी. समीक्षकांच्या पुस्तकात तिची कारकीर्द ज्या क्रमाने मांडलेली असते, तो क्रम इथल्या प्रेक्षकाच्या वाट्याला आलाच नाही.

२८ नोव्हेंबर १९८६ला तिला मुलगा झाला. बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीतून १३ डिसेंबरला ती गेली. वय ३१. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा तोंडावर आली होती. तिच्या जाण्यानंतरही तिचे दहाच्या वर चित्रपट प्रदर्शित झाले.

त्यांतला १९८७चा केतन मेहतांचा 'मिर्च मसाला' खान्देशाने, विशेषतः नंदुरबारने, वेगळ्याच नजरेने पाहावा असा आहे. गोष्ट स्वातंत्र्यापूर्वीच्या गुजरातेतली. सुभेदाराला नकार देऊन सोनबाई मिरचीच्या कारखान्यात आसरा घेते, म्हातारा पहारेकरी दार लावून घेतो आणि शेवटी आतल्या बायका मिरचीची पूड घेऊन उभ्या राहतात. शहरातल्या माणसाला ती लाल रास सुंदर दिसते. नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर काम केलेल्या बाईला आधी घशात ठसका येतो. हिवाळ्यात तिथे एकरच्या एकर जमिनीवर ओली मिरची वाळत घातलेली असते. बायका उकिडव्या बसून देठ खुडतात, नाका-तोंडावरून पदर घट्ट गुंडाळतात, तरी डोळे झोंबायचे राहत नाहीत, आणि संध्याकाळी हाताची आग होते म्हणून लेकराला उचलून घेता येत नाही. हे माहीत असलेल्या माणसाला तो शेवट रूपक वाटत नाही. हातात जे आहे तेच हत्यार, एवढाच त्याचा अर्थ. सोनबाईचं पदर खोचणं, मान ताठ ठेवून बघणं स्मिताने असं केलंय की ती पथारीवरून उठून आल्यासारखी वाटते.

नंतरच्या घडामोडी पुष्कळ आहेत. तिच्या नावाचे पुरस्कार सुरू झाले. २०१३मध्ये भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त निघालेल्या टपाल तिकिटांत तिचं तिकीट होतं. २०२४मध्ये 'मंथन'ची नव्याने दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली, मग भारतातल्या थिएटरांतही आली. मुलगा प्रतीक, तोही अभिनेता, आता 'प्रतीक स्मिता पाटील' असं नाव लावतो. ही बातमी खान्देशात चांगलीच फिरली, कारण त्यात आडनाव शिरपूरचं होतं. तालुक्याच्या टॉकीजांपैकी अनेक बंद पडल्या, काहींच्या जागी मंगल कार्यालयं आणि दुकानांचे गाळे आले. 'उंबरठा' आणि 'नमक हलाल' आज एकाच मोबाइलवर पाहता येतात.

वाद मात्र जुन्याच शब्दांत चालू आहे. दर डिसेंबरात 'समांतर सोडून व्यावसायिककडे वळलेली' असं एक वाक्य लेखांत येतं, आणि त्या लेखांत १९८२च्या चित्रपटांची यादी नसते. ती यादी द्यायला अर्धा परिच्छेद पुरतो. निदान शिरपूर-धुळ्याच्या वर्तमानपत्रांनी तरी ती द्यावी.